चौथ्या लाइनीत कुणाचं राज्य?

जयपूरच्या पाण्यात वाळू असायची. कितीही गाळून भरा, हंडा रिकामा झाला की तळाला बोटभर वाळू सापडायचीच! किस्से असेच साठतात. मुद्दाम कोणी जमवत नाही. नोकरी संपते, माणसं बदलीवर निघून जातात, पाणी सगळं वापरून होतं आणि तळाशी एवढं उरतं. आज ते हाताला लागलं म्हणून तुमच्यासमोर ठेवतो. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. राजेशाही, लोकशाही, हुकूमशाही हे शब्द मी पहिल्यांदा नीट ऐकले ते पाण्याच्या टाकीखाली बसून.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. रेल्वेच्या एका कॉलनीत मी वॉल्व्हमन होतो. काम एवढंच की सकाळी टाकी भरली, की चावीनं एकेका लाइनीचं पाणी सोडायचं. चावी म्हणजे कुलपाची नव्हे हं! कमरेएवढी उंच लोखंडी सळई, वर आडवी मूठ. ती खड्ड्यात घालून वॉल्व्ह फिरवायचा. लाइनी चार. पहिलीत सुपरवायझर मंडळी, दुसरीत-तिसरीत बाबू, गार्ड, फाटकवाले, आणि चौथीत फिटर, गँगमन, सफाईवाले. पाणीही त्याच क्रमानं. माझ्या आधीचा वॉल्व्हमन तसं सोडायचा, म्हणून मीही तसंच सोडायचो. उन्हाळ्यात चौथीची पाळी येईपर्यंत टाकी कोरडी!

चौथीत नामदेव इंगळे राहायचा. अकोल्याचा फिटर, खांडव्यावरून येणाऱ्या छोट्या लाइनीनं बदली होऊन आलेला. त्याची बायको सुशीला. दोनदा तिचं पोटातलं मूल गेलं होतं. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, वजन उचलायचं नाही.

पण पाणी? यार्डाच्या पलीकडे वाफेच्या इंजिनांना पाणी पाजायचा उंच नळ होता. चौथीतल्या बायका तिथून हंडे भरून आणायच्या. मध्ये मालगाडी उभी असली की दोन डब्यांच्या मधून, वाकून, साखळीखालून जायचं. इंगळे संध्याकाळी दोन हंडे आणून ठेवायचा, पण मे महिन्यात जयपुरात दोन हंडे सकाळपर्यंत टिकतात होय? सकाळी सहाला तो ड्युटीवर, आणि ही हंडा घेऊन रुळांवर.

बाळंतपणाआधी दाराशी पाणी यावं, एवढंच त्या घराचं मागणं होतं. इंजिनाला मिळत होतं ते!

* * *

संध्याकाळी टाकीखालच्या चबुतऱ्यावर आमचा चहा व्हायचा. मी, इंगळे आणि आणखी दोघं. एक भंवरसिंगजी, जयपूरजवळच्या चौमूंकडचे राजपूत, रेल्वेचे फाटकवाले. त्यांचे आजोबा कुठल्याशा ठिकाणेदाराच्या, म्हणजे तिकडच्या जहागीरदाराच्या, पदरी होते, त्यामुळे राजेशाहीविरुद्ध एक शब्द ऐकून घ्यायचे नाहीत. दुसरे सुभेदार जाधव, साताऱ्याचे. फौजेतली शेवटची नेमणूक जयपूरच्या छावणीत झाली, रिटायर झाल्यावर इथंच रेल्वेच्या गोदामावर राखणदार म्हणून लागले. आणि इंगळेच्या वरच्या खिशात घटनेचं छोटं पुस्तक. त्याच्यापुढे तो कुणालाच मोजायचा नाही.

रोजचा वाद एकच. देश कुणी चालवावा?

एकदा भंवरसिंगजी मिशीवरून हात फिरवत मला म्हणाले, "तात्याजी, राजाओं के टाइम में एक ही दरवाजा था. जाओ, हाथ जोडो, अर्ज करो, काम हो गया. अब चार दरवाजे हैं, और चारों पर ताला!"

"दरवाजंच कशाला पायजेत?" सुभेदार म्हणाले. "एकच माणूस पायजे. पण कडक!"

इंगळेनं कप खाली ठेवला. "भंवरसिंगजी, एक बात बताओ. उस एक दरवाजे पर मेरे दादा को खडा रहने देते क्या?"

 माझ्या हातातली किटली तशीच राहिली. आता हे उठून जाणार, नाहीतर हातघाईवर येणार, असं मला वाटलं.

भंवरसिंगजींनी यार्डाकडे बघितलं. मग म्हणाले, "नहीं. नहीं रहने देते." आणि स्वतःच्या कपातला अर्धा चहा त्यांनी इंगळेच्या कपात ओतला.

माणसं वादात जिंकलेली मी खूप बघितली होती. खरं बोलून हरलेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला!

* * *

कॉलनीची डागडुजी आणि पाणी बघणारा जो साहेब असतो, त्याला रेल्वेत आयओडब्ल्यू म्हणतात. आमचे साहेब महिनाभर रजेवर निघाले. जाताना म्हणाले, "पानी का आपस में तय कर लो. मेरे पीछे झगडा नहीं चाहिए."

इंगळेच म्हणाला, "भंवरसिंगजी, आठ दिन आप राजा. देखते हैं!"

पहिल्या दिवशी सकाळी साडेपाचला भंवरसिंगजी लहरियाचा, नागमोडी पट्ट्यांचा साफा बांधून वॉल्व्हच्या खड्ड्याशी हजर! छाती पुढे काढून त्यांनी हुकूम सोडला, "सबसे पहले चौथी!"

मी दोनदा विचारून घेतलं. मग चावी फिरवली. चौथीत नळाला पाणी आलं तर बायका आधी घाबरल्याच, कुठं पाइप फुटला की काय! सुशीलानं हंडे भरले, बादल्या भरल्या, परात भरली, चहाचं पातेलंसुद्धा भरलं. दुसऱ्या दिवशीही तसंच.

तिसऱ्या दिवशी भंवरसिंगजी आले ते तोंड पाडून. म्हणाले, "आज पहली लाइन."

"का हो?"

"दो दिन पानी दिया, तात्याजी. चौथी में से किसी ने आकर खम्मा घणी तक नहीं बोला!"

 पाणी मुजऱ्यावर अडलं होतं! मी जाऊन सुशीलाला सांगितलं. ती दारात बसून तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "तात्या, मुजरा केला असता जी. पण वाकता येत नाही मले. पोट आडवं येते."

मी ते जसंच्या तसं भंवरसिंगजींना सांगितलं. त्यांचा चेहरा असा झाला, की सांगितलं नसतं तर बरं, असं मला वाटलं. त्यांनी साफा सोडला, नीट घडी केली आणि काखेत धरला.

"मुझसे राज नहीं होगा," ते म्हणाले. "मुझे बुरा बहुत जल्दी लगता है."

* * *

मग लोकशाही आली. ती इंगळेनं आणली.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला वर फट पाडली. एका घराला एक मत. प्रश्न असा, की पाण्याची पहिली पाळी रोज एकेका लाइनीला आलटून पालटून द्यायची का? इंगळेनं चबुतऱ्यावर उभं राहून भाषण केलं. इतकं सुरेख बोलला की पहिल्या लाइनीतल्या मंडळींनीही टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवल्या आणि विरोधात मत टाकलं! तीन लाइनी एकीकडे, चौथी एकटी. निकाल काय लागायचा तो लागला. पण डबा उघडल्यावर मी खरा हादरलो ते वेगळ्याच गोष्टीनं. चौथीत नऊ घरं, आणि चौथीच्या बाजूनं चिठ्ठ्या सात.

"दोन जणांनी स्वतःच्या नळाविरुद्ध मत दिलं?" मी विचारलं.

इंगळे म्हणाला, "तात्या, त्या दोघायचे साहेब पहिल्या लाइनीत राह्यतात."

तो घरी गेला. पुढचं त्यानंच दुसऱ्या दिवशी सांगितलं. सुशीलानं जेवायला वाढता वाढता विचारलं, "मले कोणी इचारलं?"

"एका घराले एक मत होतं ना."

"घर म्हंजे तुमीच काय? पाणी आणाले मी, आन् मत टाकाले तुमी?"

सांगताना इंगळेनं खिशातलं पुस्तक काढलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि परत ठेवलं.

"तात्या," तो म्हणाला, "लोकायले घटना शिकवत फिरतो मी. माह्या घरातच अजून लागू झाली नाही!"

* * *

त्यानंतर दुसरी लाइन आणि तिसरी लाइन आपापसात भांडायला लागल्या. कुणाचं पाणी किती वेळ चाललं यावरून बादल्या एकमेकांच्या अंगावर जायला लागल्या. तेव्हा सुभेदार उठले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, कुणी निवडलं नव्हतं. सकाळी गळ्यात शिट्टी अडकवून आले आणि म्हणाले, "आजपासनं माझा कायदा!"

घराला दोन बादल्या. लाइनीला घड्याळ लावून दहा मिनिटं. शिट्टी वाजली की पाणी सुरू, शिट्टी वाजली की बंद. उभं राहायचं ते चुन्याच्या रेघेवर.

आणि काय सांगू, तीन दिवस चारही लाइनींना पाणी मिळालं! चौथीलाही! सुशीला तीन दिवस रुळांकडे फिरकली नाही. मी तर थक्क झालो. जे राजाला जमलं नाही, मतपेटीला जमलं नाही, ते एका शिट्टीनं करून दाखवलं. इंगळेनं त्या तीन दिवसांत चबुतऱ्यावर पुस्तकाचं नाव काढलं नाही. भंवरसिंगजीही म्हणाले, "मानना पडेगा, सुभेदारजी."

चौथ्या दिवशी चौथीतली एक म्हातारी दोन मिनिटं उशिरा आली. गुडघ्यानं अधू बाई. बादली घेऊन टेकत टेकत आली.

"टाइम संपला!" सुभेदारांनी घड्याळावर बोट ठेवलं.

"अहो, म्हातारी आहे," मी म्हणालो.

"एकीला सूट दिली की कायदा मेला, तात्या."

म्हातारी रिकामी बादली घेऊन उन्हात बसून राहिली. सगळे बघत होते, कुणी हललं नाही. मीही हललो नाही. माझ्या हातात चावी होती आणि मी हललो नाही! याचं मला आजही वाईट वाटतं.

सहाव्या दिवशी उशीर झाला तो सुभेदारांच्या स्वतःच्या बायकोला. देवपूजा लांबली होती. जाधववहिनी रेघेवर आल्या आणि शिट्टी वाजली.

"टाइम संपला!"

 वहिनींनी बादली खाली ठेवली. शांतपणे पुढे गेल्या, नवऱ्याच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली आणि स्वतःच्या कनवटीला खोचली.

"सरकारनं तुमास्नी रिटायर केलं त्याला दोन वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "तुमास्नी कवा कळनार?"

मग त्यांनी मला परत चावी फिरवायला लावली आणि मागून टेकत आलेल्या त्या म्हातारीची बादली उचलून नळाखाली पहिली लावली.

संध्याकाळी सुभेदार चहाला आले. पहिला कप संपवला, दुसरा घेतला. शेवटी म्हणाले, "फौजेत एवढी वर्सं काढली. असं बंड कदी झालं न्हवतं."

"तिथं वहिनी नव्हत्या ना," इंगळे म्हणाला.

* * *

साहेब रजेवरून परत आले आणि सगळं पहिल्यासारखं झालं. पहिली, दुसरी, तिसरी, कोरडी टाकी. सुशीलाला सातवा लागला होता.

इंगळेनं आता साहेबांच्या वरच्या ऑफिसात अर्ज केला. तीन प्रतींत, टाइप करून. म्हणाला, "कागदाले कागदानंच उत्तर द्या लागते त्याईले." उत्तराची आम्ही सगळेच वाट बघत होतो. भंवरसिंगजी रोज फाटकावरून येताना विचारायचे, "आया क्या?"

एक दिवस उत्तर आलं. इंग्रजीत. इंगळे चबुतऱ्यावर बसून वाचायला लागला. वाचता वाचता थांबला. मागे जोडलेला दुसरा कागद बघितला आणि माझ्याकडे बघितलं.

"तात्या, ही सही तुमची आहे?"

मी बघितलं. सही माझीच. सही मी चांगली करतो. शाळेत दुसरं काही आलं नाही, पण गुरुजींनी अक्षर वळवून घेतलं होतं. दर महिन्याला ऑफिसचा शिपाई एक कागद आणायचा, खाली बोट ठेवायचा आणि मी सही करायचो. मला वाटायचं, हजेरीचा कागद आहे.

"काय लिहिलंय त्यात?"

इंगळे मला एकेक शब्द मराठीत करून सांगायला लागला. आवाज चढवला नाही. लहान मुलाला धडा वाचून दाखवावा तसं सांगत होता. 'चारही लाइनींना दररोज पुरेसं पाणी सोडलं जातं. कोणाचीही तक्रार नाही. खाली सही, वॉल्व्हमन.' गेल्या कितीतरी महिन्यांचे तसे कागद ऑफिसात होते. त्यामुळे अर्ज नामंजूर.

  इतके दिवस आम्ही विचारत होतो, राज्य कुणाचं? राजाचं की मतांचं, शिट्टीचं की साहेबाचं? आणि चौथीचं पाणी तोडणाऱ्या कागदावर यांपैकी कुणाचीच सही नव्हती. माझी होती! वळणदार!

मी म्हणालो, "इंगळे, मला मार."

त्यानं कागदाची घडी केली. "मारून काय भेटते, तात्या? पुढच्या खेपेले सही करायच्या आधी मले हाक मारा."

सुभेदारांनी माझ्यापुढे चहा सरकवला. मी तो तसाच परत किटलीत ओतला.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी पाणी सोडून झालं की सुशीलाकडे दोन बादल्या पोचवायला लागलो. ती नको म्हणायची. "तुमचं वय काय, तात्या!" म्हणायची. पण माझे गुडघे काही रोज साथ द्यायचे नाहीत.

* * *

अशाच एका सकाळी मला जमलं नाही. सात वाजले असतील. मी टाकीच्या शिडीवर चढून पाण्याची पातळी बघत होतो. वरून सगळं यार्ड दिसतं. मालगाडी उभी होती, इंजिन पार पुढे, वळणापलीकडे. पलीकडच्या बाजूला सुशीला. भरलेला हंडा डोक्यावर नाही, कमरेवर घेतलेला. म्हणजे ती परत येत होती. दोन डब्यांच्या मधून वाकून निघाली होती.

आणि गाडीनं झटका दिला.

मालगाडीचा झटका तुम्ही ऐकलाय? तो एका टोकाकडून येतो. डबा डब्याला ओढत येतो. धाड, धाड, धाड, असा लांबून जवळ येतो. मला वरून तो येताना दिसत होता. मी ओरडलो. इतक्या जोरात मी जन्मात कधी ओरडलो नव्हतो, आणि माझा आवाज यार्डापर्यंतही पोचला नाही.

ती बाहेर पडली. कशी पडली ते मला कळलं नाही. हंडा सुटला, ती खडीवर हातावर आपटली आणि चाकं तिच्या मागून निघून गेली.

मी शिडीवरून कसा उतरलो, किती वेळानं पोचलो, आठवत नाही. भंवरसिंगजी फाटक सोडून धावत आले होते. फाटक सोडणं म्हणजे नोकरी जाते हो! ते तिच्याजवळ उकिडवे बसले होते आणि नुसतं "बेटी, बेटी" म्हणत होते. साफा सोडून त्यांनी तिच्या हाताला गुंडाळला होता.

सुशीला पोटावर हात ठेवून बसली होती. रुळात हंडा पडला होता, पोळीसारखा चपटा. ती त्याच्याकडेच बघत होती.

"माह्या मायचा होता तो," ती म्हणाली.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पोटातलं बाळ ठीक होतं. इंगळे दवाखान्याच्या ओट्यावर बसला होता. मी शेजारी जाऊन बसलो. त्यानं राज्य कुणाचं ते विचारलं नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चावी घेतली आणि सरळ चौथीच्या खड्ड्याशी गेलो.

कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला विचारलंही नव्हतं. मी चौथीचा वॉल्व्ह उघडायला लागलो. सावकाश, थोडा थोडा, कारण जुन्या पाइपाला एकदम जोर सोसत नाही. अर्धा उघडला. चौथी उताराला. तिचा वॉल्व्ह उघडा असला की पाणी आधी तिकडेच धावतं. खालून बायकांचा गलका ऐकू आला.

वरून पहिल्या लाइनीचाही आला! कोरड्या नळांपाशी सुपरवायझर मंडळी दाढीचा साबण तोंडाला लावून उभी. कुणीतरी साहेबांना फोन केला. अर्ध्या तासात साहेबांची जीप टाकीखाली.

"किसके ऑर्डर से?"

आता इंगळे, भंवरसिंगजी, सुभेदार, सगळे जमले होते. मी बोलायला सावकाश. मी म्हणालो, "साहब..."

"राजा हो गए हो यहां के? इलेक्शन जीते हो? मार्शल लॉ लगा है?" साहेबांनी माझ्या हातातून चावी हिसकावून घेतली. "लाओ इधर! मैं बंद करता हूं. अपने हाथ से!"

आणि ते चौथीच्या खड्ड्याशी गेले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. बाकीचे तीन वॉल्व्ह नेहमीसारखे होते, उजवीकडे फिरवले की बंद. चौथीचा मात्र जुना मोडल्यावर कुठल्यातरी दुसऱ्या यार्डातून काढलेला बसवला होता, आणि तो उलटा फिरायचा. उजवीकडे फिरवला की उघडायचा. हे मला ठाऊक होतं, कारण रोज फिरवणारा मीच.

साहेबांनी चावी घातली आणि उजवीकडे जोर लावला.

मी पुढे झालो. "साहब, वो..."

"चुप!" साहेब ओरडले. "एकदम चुप! जब तक मैं न बोलूं, मुंह नहीं खोलना! समझे?"

मी मान हलवली.

साहेबांनी दोन्ही हातांनी, घाम गाळत, वॉल्व्ह पार शेवटपर्यंत फिरवला. "हो गया बंद!" मग पहिले तीन वॉल्व्ह डावीकडे फिरवून उघडले. ते बरोबर उघडले, पण टाकी तोवर रिकामी झाली होती. चावी जीपमध्ये टाकली. "आज से यह चावी मेरी अलमारी में रहेगी. वॉल्व को कोई हाथ नहीं लगाएगा. कोई नहीं!"

दुसऱ्या दिवशी पंप सुरू झाला आणि चौथीला असं पाणी आलं की नळ थरथरायला लागले! आधी हवा, मग गढूळ, मग स्वच्छ. नंतर बाकीच्या लाइनींना, बेताबेतानं, पण सगळ्यांना. तिसऱ्या दिवशीही तसंच. पहिल्या लाइनीनं तक्रार केली, जोर कमी आहे. साहेब म्हणाले, "चौथी मैंने खुद बंद की है. तुम्हारे पाइप में कचरा होगा." तसं त्यांनी लिहूनही दिलं, स्वतःच्या सहीनं.

चबुतऱ्यावर त्या आठवड्यात नुसती चर्चा. भंवरसिंगजी म्हणाले, "देखा? मुंह से बोला बंद, हाथ से खोल दिया. राजा का दिल पिघल गया." सुभेदार म्हणाले, "मी म्हनत न्हवतो? एकच मानूस, कडक!" इंगळे म्हणाला, "माह्या अर्जाचा परिणाम आहे. उशिरा झाला, पण झाला." मी चहा ओतत होतो.

आठव्या दिवशी चौथी लाइन हार घेऊन साहेबांच्या ऑफिसात गेली. अख्खी लाइन! पुढे इंगळे, त्याच्याबरोबर सुशीला, हातात रव्याच्या लाडवांचा डबा. ती म्हातारीसुद्धा टेकत टेकत आली होती. मला त्यांनी ओढत नेलं. सगळे बाबू उठून उभे राहिले.

साहेबांना काही कळेना. इंगळेनं त्यांच्या गळ्यात हार घातला. सुशीलानं डबा पुढे केला आणि तिला जमेल तशा हिंदीत म्हणाली, "साब, आपने अपने हात से हमको पानी छोडा. सब ने देखा. रोज दरवाजे पर आता है, भरभर के. अब मैं रुळ पर नहीं जाती."

बाबूंनी टाळ्या वाजवल्या. साहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. त्यांनी हाराला हात लावला. मग सुशीलाकडे बघितलं, तिच्या पोटाकडे बघितलं, तिच्या हातावरच्या पट्टीकडे बघितलं. एक लाडू उचलला.

मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं.  लाडू हातातच. शेवटी माझ्याजवळ आले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "वो चौथा वॉल्व... घूमता किधर है?"

मी त्यांच्याकडे नुसता बघत राहिलो. बोलायची परवानगी मला साहेबांनी अजून दिली नव्हती.